वेतोबाच्या चपला कोण शिवतं?

कुडाळ,
14 जून

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

हस्तलिखित मिळालं आणि वाचूनही झालं. एवढं जाड बाड भर पावसात कोरडं पोचलं, हेच मोठं. तुझी भाषा आवडली. घाटातली लढाई आवडली. राणी आणि तिच्या धाकट्या बहिणीतला अबोला तर फारच जमलाय. पण तू सोबतच्या चिठ्ठीत एकच प्रश्न विचारलायस, की हे जग खरं वाटतं का. तर राज्य खरं वाटतं, माणसं खरी वाटतात. जलराक्षस, यक्षिणी आणि तो मांत्रिक मात्र वरून चिकटवल्यासारखे वाटतात. का, ते सविस्तर लिहितो. ही कादंबरी उत्तम व्हावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून हातचं राखून लिहीत नाही.

चौथ्या प्रकरणात मांत्रिक नदी उचलतो. वर्णन देखणं आहे. पण दुसऱ्या दिवशी त्या नदीवर धुणं धुणाऱ्या बायका कुठे जातात? तरीवाला काय करतो? काठावरच्या वायंगणी, म्हणजे उन्हाळी भाताच्या, शेताला पाणी कुठून मिळतं? पाचव्या प्रकरणात या कशाचाच मागमूस नाही. जी गोष्ट घडूनही कुणाची दिनचर्या बदलत नाही, ती वाचकाच्या लेखी घडलेलीच नसते. तू नकाशा काढलास, सात पिढ्यांच्या वंशावळी लिहिल्यास, शेवटी शब्दकोश जोडलास. मला त्यापेक्षा हे कळायला हवं होतं, की त्या जलराक्षसामुळे गावातल्या कुणाला रोज कोणतं काम करावं लागतं.

आपल्याच मुलखातलं बघ. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. वेताळ म्हटलं की स्मशान, प्रेत, अमावास्या असं तुझ्यामाझ्या डोळ्यांपुढे येतं. तिथे तो गावाचा राखणदार आहे. पुरुषभर उंचीपेक्षाही उंच, उभी मूर्ती. पूर्वी फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. रात्री वेतोबा गावाच्या हद्दीतून फेरी मारतो अशी श्रद्धा, आणि फिरतो म्हणजे त्याच्या चपला झिजणारच. म्हणून लोक नवस फेडायला त्याला केळ्यांचे घड आणि चपलांचे जोड वाहतात. माणसाच्या पायाला कधीच येणार नाहीत एवढ्या मोठ्या, कातडी, रीतसर शिवलेल्या चपला. देवळात त्या मांडून ठेवलेल्या दिसतात. मी प्रत्येक वेळी देवाआधी त्यांच्याकडेच बघत राहतो. कुणीतरी कातडं कापलंय, तळव्याला थर लावलेत, टाके घातलेत, मापाचा अंदाज घेतलाय. ज्याचा पाय कुणी बघितला नाही त्याच्या पायाचं माप एका कारागिराच्या हाताला ठाऊक आहे! वेतोबा प्रत्यक्ष समोर आणायची लेखकाला गरजच उरत नाही. चप्पल दाखवली की पाय वाचक आपला आपण जोडतो.

तुझ्या यक्षिणीला अशी एक तरी वस्तू दे. तिची गुहा, तिचे निळे डोळे, तिचं हसू हे सगळं मी याआधी कुठे ना कुठे वाचलंय. पण तिच्यासाठी गावात कोण काय बनवतं, ते करताना त्याच्या हाताला कुठे घट्टे पडलेत, हे मी वाचलेलं नाही.

आता आचऱ्याची गावपळण घे. मालवण तालुक्यातलं हे गाव दर तीन-चार वर्षांनी थंडीच्या दिवसांत तीन दिवस आणि तीन रात्री रिकामं होतं. रामेश्वराचा कौल घ्यायचा, तो मिळाला की दिवस ठरवायचा, आणि त्या दिवशी सगळ्यांनी घराला कुलूप लावून वेशीबाहेर पडायचं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. हिंदू-मुसलमान दोघंही. हद्दीपलीकडे माडाच्या झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहतात, तिथेच चुली पेटतात, रात्री भजनं होतात, फुगड्या रंगतात. तीन दिवसांनी पुन्हा कौल घ्यायचा. देवानं होकार दिला तर परतायचं. नाही दिला तर मुक्काम वाढला.

यातलं अद्भुत नेमकं कुठे आहे? ओस पडलेल्या गावात त्या तीन रात्रींत काय चालतं, हे कुणी पाहिलेलं नाही, कारण पाहायला कुणी मागे राहतच नाही. त्या रिकाम्या गावाबद्दल एक ओळही न लिहिता लेखक शंभर पानं उभी करू शकेल, आणि ती सगळी पानं वेशीबाहेरच्या माणसांची असतील. खुडूक कोंबडीला अंड्यांसकट टोपलीत घालून नेणारी बाई. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याला खुर्चीत बसवून उचलून नेणारे दोघे. परीक्षा जवळ आली म्हणून झोपडीत पुस्तक उघडून बसलेली मुलगी. दुसऱ्या गावाहून नवीन लग्न होऊन आलेली सून, जिला अजून कशाचा अर्थ लागलेला नाही आणि जिला कुणी समजावूनही सांगत नाही. मुंबईहून मुद्दाम रजा काढून आलेला मुलगा, जो म्हणेल की मी काही मानत नाही, पण गावपळण चुकवणार नाही.

या शेवटच्या माणसाबद्दल जरा सांगतो. तुझ्या राज्यात सगळे एकसारखे घाबरतात. खऱ्या गावात तसं नसतं. कुणी पूर्ण मानतो, कुणी आईसाठी मानतो, कुणी चारचौघांत हसतो आणि रात्री मटणाचा डबा नेताना त्यात कोळशाचा तुकडा टाकतो. विश्वासाच्या या सगळ्या पायऱ्या एकाच घरात, एकाच ताटाभोवती बसलेल्या असतात. शिवाय माहितीही एकसारखी नसते. देवचार म्हणजे हातात काठी, खांद्यावर घोंगडी, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडणारा, असं एका वाडीत सांगतील. ओढ्यापलीकडच्या वाडीत म्हणतील, छे, तो दिसत नाही, नुसती काठी ऐकू येते. दोघं भांडणार नाहीत. आपापल्या वाडीतला रिवाज पाळतील. तुझा शब्दकोश म्हणूनच काढून टाक असं मी म्हणतोय. त्यात प्रत्येक पिशाच्चाची व्याख्या इतकी चोख आहे की ती लिहिणारा गावात राहत नसावा असं वाटतं.

भाषेबद्दल. तुझा मांत्रिक संस्कृतासारखं काहीतरी पुटपुटतो. ते शब्द भव्य आहेत, पण ते कुणाशी बोलतायत हे कळत नाही. आमच्याकडचं गाऱ्हाणं आठव. तू जत्रेला आला होतास तेव्हा ऐकलंयस. "बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा... ही जी काय लेकरां आज तुझ्या पायाकडे इली हत, तेंच्या हातसून काय चुकला-माकला आसात तां पदरात घी, आणि तेंका सुखरूप ठेव रे म्हाराजा!" आणि सगळ्यांनी मिळून, "होय म्हाराजा!" यात मंत्र नाही. मालकाशी कुळानं बोलावं तसं बोलणं आहे. मान आहे, लाड आहे, थोडा दबावही आहे: आम्ही आमचं केलंय, आता तू तुझं कर. कोण गाऱ्हाणं घालणार, कुठल्या देवाला आधी हाक मारायची, मानाचा नारळ कुणाचा, यावरून गावात पिढ्यान् पिढ्या वाद चालतात, कोर्टापर्यंत जातात. देवाची सत्ता त्या वादांमुळेच जाणवते. ज्याच्यासाठी कुणी भांडत नाही त्याचा वचक कसला?

नियमांचंही बोलू. तू पहिल्याच प्रकरणात जादूचे नियम दोन पानं समजावून सांगितलेस. नियम थोडे असावेत आणि ते एकमेकांत अडकलेले असावेत. वेताळाच्या गोष्टी घे. अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवानं त्या संस्कृतात सांगितल्या, आणि त्यातला राजा आपल्या गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा आहे. राजा बोलला तर प्रेत परत झाडावर जाणार. उत्तर माहीत असूनही गप्प बसला तर डोकं फुटणार. बस, एवढ्या दोनच अटी. राजाची तलवार, सैन्य, शौर्य, कशाचाही उपयोग नाही. शहाणा असणं हीच त्याची अडचण होते. आणि सुटका कधी होते? एका कोड्याचं उत्तर त्याला खरोखरच येत नाही, तेव्हा. मला तरी यापेक्षा सुंदर बांधणी माहीत नाही. तुझ्या मांत्रिकाला बारा सिद्धी आहेत; त्यातल्या अकरा काढ, आणि उरलेली एक त्याच्या स्वभावाच्या विरुद्ध जाईल अशी ठेव.

त्याच गोष्टीत सुरुवातीला एक भिक्षू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो. राजा ते न बघता भांडारात पाठवतो. वर्षानुवर्षं हे चालतं. एक दिवस पाळीव माकड एक फळ फोडतं आणि आतून रत्न पडतं. मग भांडार उघडतात, तर सगळी फळं कुजून गेलेली आणि त्या घाणीत रत्नांचा ढीग. अद्भुत जगाचं दार असं उघडतं: कंटाळवाण्या, रोजच्या, दुर्लक्षित गोष्टीतून. तुझं दार वीज कडाडून उघडतं.

आता जरा अवघड भाग. तू भुतांची नावं आपल्या परंपरेतून भराभर उचललीयस, आणि ती शोभेला ठेवलीयस. पण ती नावं निव्वळ भीतीची नाहीत. मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुलगा, म्हणून पिंपळावर अडकलेला. आलवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. समंध म्हणजे ज्याच्यामागे कुणी उरलं नाही किंवा ज्याचा जीव इस्टेटीत राहिला तो. बारकाईनं पाहिलंस तर ही अपुऱ्या मरणांची यादी आहे. कुठल्या मरणाचं ओझं समाजाला पेलवलं नाही, ते यात दिसतं. बाळंतिणी मरत होत्या, त्यांना वाचवता येत नव्हतं, आणि मग मेलेल्या बाईचीच भीती घातली गेली. हे मला फार क्रूर वाटतं, आणि लेखकानं ते नुसतं वापरून पुढे जाऊ नये. तुझ्या राज्यात लढाया आहेत, दुष्काळ आहे, राणीनं बुडवलेली एक वस्ती आहे. तिथली भुतं त्या वस्तीतून यायला हवीत. त्यांना नवी नावं लागतील, आणि ती नावं राणीच्या माणसांनी एक आणि वाचलेल्यांनी दुसरी अशी ठेवलेली असतील.

तू भीत भीत विचारलंयस, की असं लिहून आपण अंधश्रद्धेला खतपाणी घालतो का. तुझ्या मनात हा प्रश्न आला हे मला आवडलं. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं झगडा केला, तो त्याच वर्षी झाला. आपण दोघं त्या चळवळीच्या बाजूचे आहोत आणि राहू. पण माझं मत असं, की फसवणूक तिथे होते जिथे कुणीतरी आजारी माणसाच्या घरात शिरून सांगतो की हे खरं आहे, पैसे काढ. कादंबरी पहिल्याच पानावर वाचकाशी उघड करार करते. उलट तुझ्या जगात एक लबाड भगत जरूर असू दे, जो लोकांच्या भीतीवर जगतो. जलराक्षस खरा आणि भगत खोटा, हे दोन्ही एकाच गावात असलं की गावकऱ्यांपुढे खरा पेच उभा राहील.

शेवटी जलराक्षसाचं, कारण तिथून दुरुस्ती सुरू करावीस असं मला वाटतं. तो नदीच्या उतारावर, म्हणजे पायी ओलांडायच्या जागी, बसतो आणि लोक त्याला भितात, एवढंच आत्ता आहे. आमच्याकडे राखणदाराला वर्षाला राखण देतात, कोंबडा कापतात, रोट ठेवतात. ते कुणी द्यायचं हे घराण्यानुसार ठरलेलं असतं. तसं तुझ्याकडे ठरव. उतारावरून पलीकडे जायचं तर काय द्यायचं? ते कोण गोळा करतं? ज्या वर्षी पीक बुडालं त्या वर्षी सूट मिळते का, आणि ती मागायला कोण जातं? परक्या सैन्याला नियम माहीत नसेल तर काय होतं? राणीनं पूल बांधला तर राक्षसाचा हक्क पुलावर लागू होतो का? मला वाटतं, हा पूल म्हणजेच तुझ्या कादंबरीचा मध्य आहे. आत्ता तो एका वाक्यात बांधून होतो.

आणि ज्या घराण्याकडे ते देण्याचा मान आहे, त्यातला शेवटचा मुलगा राजधानीत नोकरीला निघून गेला, घराला कुलूप लागलं, तर पुढच्या वर्षी नदीकाठी कोण जाऊन उभं राहतं? आमच्या वाडीत अशी कुलूपबंद घरं बरीच आहेत, म्हणून हे सुचलं. यावर काय ठरवलंस ते नक्की लिही. चौथं आणि पाचवं प्रकरण नव्यानं लिहिलंस की पूर्ण पुस्तकाची वाट न बघता तेवढंच पाठव. जत्रांचे दिवस सुरू झाले की तारखा कळवतो. या वेळी वहिनींनाही घेऊन ये, दशावतार पहाटेपर्यंत बसून बघू. काकांच्या गुडघ्याचं कसं आहे? त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
अभय