हरकतीचा अर्ज मी देणार नाही

इंदूर, रविवार

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

मी नाही म्हणालो आणि तू फोन ठेवून दिलास. म्हणून आता सविस्तर लिहितो. तुझ्या मुलीच्या, चिनूच्या लग्नाला तुझ्या वतीने मी इथे हरकतीचा अर्ज देणार नाही. तू स्वतः येऊन दिलास तरी तो टिकणार नाही. टिकण्यासारखा असता तरी मी दिला नसता.

आधी कायद्याचं बघू. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात हरकत कुणीही घेऊ शकतो, हे तुझ्या वकिलांनी सांगितलं ते खरं आहे. पण कशावर घ्यायची ते चौथ्या कलमात ठरवून दिलंय. आधीचा नवरा किंवा बायको हयात असणं, संमती देण्याइतकी मनाची अवस्था नसणं, मुलगा 21 चा किंवा मुलगी 18 ची नसणं, आणि नातं निषिद्ध असणं. बास. मुलगा ख्रिश्चन आहे, आईवडिलांना पसंत नाही, यांतलं काहीही तिथे बसत नाही. हरकत नाहक घेतली असं विवाह अधिकाऱ्याला वाटलं तर घेणाऱ्याला हजार रुपयांपर्यंत भरपाई लावता येते, हे वकिलांनी सांगितलं का? चिनू 27 ची आहे. तिची खोली, तिची नोकरी, सगळं तिचं तिने उभं केलंय.

कायद्याने लग्नावर बंधनच घालू नये, असं मी म्हणत नाही. अजाण पोरीचं लग्न लागू नये, पहिली बायको अंधारात राहू नये, यासाठी कायदा हवाच. नात्याच्या बंधनाबद्दल मात्र एक आठवण करून देतो. तुझे आजी-आजोबा सख्खे आते-मामे भावंडं. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात ते नातं निषिद्ध आहे, पण तशी रूढी असेल तर चालतं. आपल्या कितीतरी घरांत मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा, असं सर्रास बोललं जायचं. सगोत्र लग्नाचंही तेच. आपल्या आज्या ज्याला पाप म्हणत, त्यावरची बंदी 1946 च्या कायद्याने उठली आणि आज मुलं बघताना निम्मे लोक गोत्र विचारतही नाहीत. जातीच्या रूढीपुढे कायदा वाकतो ना? मग दोन सज्ञान माणसांनी विचार करून घेतलेल्या निर्णयापुढे त्याने ताठ का उभं राहावं?

तुला चीड आली असेल तर पुढचं शांतपणे वाच. लग्नाची नोटीस द्यायला मी चिनूबरोबर विवाह अधिकाऱ्याच्या ऑफिसात गेलो होतो. ऑफिसच्या व्हरांड्यात काचेचं कपाट आहे, त्यात टाचण्यांनी कागद लावलेले. नाव, वय, व्यवसाय, राहण्याचा पूर्ण पत्ता. कुणाची हरकत असेल तर घ्यावी म्हणून तीस दिवस ते तिथे राहतात, आणि आत नोटिशींची वही असते ती कुणालाही फी न भरता बघता येते. आम्ही उभे असतानाच एक तरुण आला, एकेका कागदाचा मोबाइलवर फोटो काढला आणि मोटरसायकलवर बसून गेला. कोणत्याही कागदावर त्याचं नाव असेल असं मला वाटलं नाही. चिनू काही बोलली नाही. दोनच दिवसांनी तिला अनोळखी नंबरवरून फोन आला, बाप कुठे असतो म्हणून. तिने घरमालकीणबाईंना सगळं सांगून ठेवलंय आणि रात्री उशीर झाला की मी तिला घ्यायला जातो. नंदू, तू ज्या तीस दिवसांवर भरवसा ठेवून आहेस ते असे असतात. त्यात बापापेक्षा असल्या टोळक्यांची सोय जास्त होते.

हाच मुलगा हिंदू असता, अगदी कोणत्याही जातीचा, तर सकाळी आर्य समाज मंदिरात लग्न लागून दुपारी जेवणं झाली असती. कपाट नाही, तीस दिवस नाहीत. वयाचं बंधन तेच, पहिल्या लग्नाचं बंधन तेच. मग हा जादा महिना कुणाच्या रक्षणासाठी? 2021 च्या जानेवारीत अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटलं की जोडप्याने लेखी मागितलं तरच नोटीस लावावी. साऱ्या देशात तसं व्हायला हवं.

आपल्या इंदूरने तर हे फार पूर्वी पाहिलंय. तुकोजीराव होळकरांनी 1926 मध्ये गादी सोडली आणि 1928 मध्ये अमेरिकेच्या नॅन्सी मिलरशी बडवाहला लग्न केलं. त्याआधी तिला नाशिकला शुद्धी करून हिंदू व्हावं लागलं, शर्मिष्ठा झाली. तेव्हा ब्रिटिश मुलखात हिंदू आणि ख्रिश्चनाला 1872 च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर आम्ही हे धर्म मानत नाही असं लिहून द्यावं लागे. 1954 मध्ये ती अट गेली. चिनू चिनूच राहणार आहे आणि तो मुलगा चर्चला जातच राहणार आहे. तुझी मुलगी धर्म सोडते आहे हे जे तू दहा वेळा म्हणालास, ते कुठेच घडत नाहीये.

आणि इथे मध्य प्रदेशचा 2021 चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे ना, असं म्हणालास. तो धर्म बदलण्याबद्दल आहे, इथे लागूच होत नाही. लागू होतो तिथेही मला तो पटत नाही. धर्म बदलण्याच्या साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं, आणि सज्ञान माणसाबद्दल आईबाप, भाऊबहीण तक्रार करू शकतात! नोव्हेंबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाने, स्वखुशीने लग्न करणाऱ्या सज्ञानांवर त्या आगाऊ कळवण्याच्या कलमाखाली कारवाई करू नका, असं सरकारला बजावलं.

केरळच्या हादियाचं आठव. वडील कोर्टात गेले, 2017 मध्ये उच्च न्यायालयाने सज्ञान मुलीचं लग्न रद्द ठरवून तिला वडिलांच्या ताब्यात दिलं. पुढच्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने लग्न पुन्हा वैध ठरवलं. मधले महिने त्या बापलेकीने एका घरात कसे काढले असतील याचा विचार मी परवापासून करतोय.

मग उद्या दोन मुलींचंही लग्न लावाल, असं तू रागात म्हणालास. हो, लावावं. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने ते संसदेवर सोडलं. संसदेने करावं, असं मला मनापासून वाटतं.

तुझं दुःख मला दिसत नाही असं नाही. तिने आधी तुला सांगायला हवं होतं, हे मी तिलाही म्हटलं. बापाने रुसावं, भांडावं, चार दिवस जेवू नये, हे सगळं घरात चालतं. पण तिच्या लग्नाला तुझी सही सक्तीची करणारा कायदा आला, तर तो ज्या घरांत मुलींना कोंडून मारतात त्या घरांतल्या बापांनाही तीच सही देईल.

महिना संपला की तारीख मिळेल. तीन साक्षीदार लागतात. एक मी, एक मुलाची मावशी. तिसरं नाव चिनूने अजून कुणाला विचारलेलं नाही, मी विचारलं तर विषय बदलते. वहिनींना हे पत्र वाचायला दे. अवंतिका एक्स्प्रेसने निघालात तर सकाळी इथे पोचाल, मी स्टेशनवर येतो.

तुझा,
बाळ्या