वॉशिंग्टन हे गावावरून आलेले आडनाव

संपादक महोदय,

वॉशिंग्टन हे आडनाव मूळचे ईशान्य इंग्लंडमधल्या, तेव्हाच्या डरहॅम परगण्यातल्या एका गावाचे. बाराव्या शतकात हार्टबर्नच्या विल्यमने आपली जमीन देऊन ते गाव घेतले आणि त्यावरून स्वतःचे नावही बदलले. आपल्याकडचा एखादा सातारकर सांगलीला जाऊन सांगलीकर व्हावा, तसेच! पुढे एक शाखा नॉर्दॅम्प्टनशायरमधल्या सल्ग्रेव्हला स्थिरावली, मात्र या वेळी आडनाव तेच राहिले. जॉर्ज वॉशिंग्टन यांचे पणजोबा जॉन १६५०च्या दशकात व्हर्जिनियाला गेले. गंमत म्हणजे, लंडनचे वंशावळींचे शाही अधिकारी सर आयझॅक हर्ड यांनी १७९१मध्ये वंशावळ विचारली, तेव्हा जॉर्ज यांनी या विषयाकडे आपण फारसे लक्ष दिले नसल्याचे कळवले. राजेशाहीशी लढलेल्या माणसाला हे शोभूनच दिसते.

– एक वाचक, सातारा