हत्तींच्या डब्याबद्दल थँक्यू, काका

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

तुम्हाला समोर बसून थँक्यू म्हणायचा प्रयत्न मी तीनदा केलाय आणि तिन्ही वेळा तुम्ही "अरे गप, फासे टाक" म्हणून विषय बदललात, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. नाव घालत नाहीये, ते तुम्हाला आवडणार नाही हे माहितीये. पण ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, नॉटिंगहॅमात दोन हजार वर्षांपूर्वीच्या सैन्यांनी भरलेली वरची खोली असलेला मराठी माणूस एकच असावा.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. मी 2022 च्या ऑगस्टमध्ये इथे आलो, बायको आणि मुलगी मागून येणार होत्या, व्हिसाचं लांबत गेलं आणि ते दोन महिन्यांचं आठ महिन्यांवर गेलं. ऑक्टोबर संपला की इथे साडेचारला अंधार पडायला लागतो हे ऐकून माहिती होतं, पण रिकाम्या घरात तो अंधार कसा वाटतो हे माहिती नव्हतं. ऑफिस, घर, व्हिडिओ कॉल, झोप. एवढंच.

काका भेटले ते मात्र त्याच्या आधी, गणपतीत. महाप्रसादाच्या रांगेत पोरस आणि अलेक्झांडरच्या झेलमकाठच्या लढाईवरून वाद चालला होता आणि सगळ्यात मोठा आवाज माझा होता. तो फॉरवर्ड सगळ्यांनाच आलेला असतो, पोरसच जिंकला, ग्रीकांनी खोटं लिहून ठेवलं, वगैरे. मी अगदी तावातावाने सांगत होतो. काका हातात कागदी प्लेट घेऊन बाजूला उभे होते, सगळं शांतपणे ऐकलं, आणि एवढंच विचारलं, "लढाई नदीच्या कुठल्या काठाला झाली रे? आणि जमीन ओली होती का कोरडी?"

मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. तुम्ही हसला नाहीत काका, हे मला आजही आठवतंय. "गुरुवारी संध्याकाळी घरी ये, दाखवतो" म्हणालात आणि पुढे जाऊन भात घेतलात.

त्या गुरुवारी मी पहिल्यांदा ते टेबल बघितलं. दोन फूट बाय दोन फूट, हिरवट कापड, त्यावर निळ्या रंगाची नदी आणि बोटाच्या पेराएवढी माणसं. मला क्षणभर घरचा किल्लाच आठवला. दिवाळीत गोणपाट चिखलात बुडवून केलेला डोंगर, अळिवाचं गवत, आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे, त्यातला एखादा मावळा बुरुजापेक्षा उंच. मी तसं बोललो तर तुमचा चेहरा असा खुलला की काय सांगू. वाईतल्या वाड्यातला तुमचा किल्ला, तुम्ही आणि तुमच्या भावाने दगडांचं टाकं करून त्यात खरं पाणी सोडलं होतं, ती सगळी गोष्ट ऐकली, पिठलं-भाकरी झाली, आणि मग तुम्ही खेळ समजावलात.

खेळाचं नाव डीबीए, म्हणजे डे बेलिस अँटिक्विटाटिस, फिल बार्कर आणि मंडळींनी 1990 मध्ये काढलेले नियम. प्रत्येकाकडे फक्त बारा तुकड्या. एका पट्टीवर तीन-चार फिगर चिकटवलेल्या असतात ती एक तुकडी, हत्ती असेल तर एकटाच. दर पाळीला एक फासा टाकायचा, जेवढे ठिपके तेवढ्या चाली, त्याला पिप म्हणतात. एकमेकांना चिकटून सरळ रांगेत उभ्या असलेल्या तुकड्या एकाच पिपात सगळ्या मिळून हलतात, पण रांग एकदा फुटली की प्रत्येक तुकडीला वेगळा पिप, आणि फाशावर दोन पडले तर दोनच तुकड्या हलणार, बाकीच्या नुसत्या बघत बसणार. चार तुकड्या आधी गमावल्या तो हरला. नियम एवढेच नाहीत पण गाभा हाच.

आणि तुम्ही मला म्हणालात, "तू पोरस घे."

ओळीने चार गुरुवार हरलो. मला वाटायचं हत्ती आहेत, रथ आहेत, उंच धनुष्यं आहेत, सोडा सरळ पुढे. आणि दर वेळी माझी रांग मधेच फुटायची, एक हत्ती मागे सरकायचा तो माझ्याच लोकांवर, आणि तुमचे घोडेस्वार बाजूने मागे येऊन उभे. तुम्ही जिंकल्यावर कधीच काही बोलायचा नाहीत. फक्त दर वेळी एक कागद पुढे करायचात, त्यावर तुमच्या बारीक अक्षरात एखादी नोंद.

त्यातला एक कागद मी जपून ठेवलाय. एरियन हा जुना ग्रीक इतिहासकार लिहितो की पोरसाकडे 200 हत्ती होते आणि दोन हत्तींमध्ये किमान 100 फूट अंतर होतं. खाली तुमचा हिशोब, 200 गुणिले 100, म्हणजे 20000 फूट, म्हणजे सहा किलोमीटर. आणि त्याच्या खाली एकच प्रश्न: "एवढ्या रांगेच्या मधोमध हत्तीवर बसलेल्या माणसाने डावीकडच्या टोकाला निरोप कसा पाठवायचा?"

काका, मी शाळेत इतिहासात चांगले मार्क घेणारा मुलगा होतो. मला कुणीही कधी असा प्रश्न विचारला नव्हता. त्या रात्री बसने घरी येताना मी तोच विचार करत होतो, आणि खूप दिवसांनी पहिल्यांदा असं झालं की रिकाम्या घराचं दार उघडताना मला घराबद्दल काहीच वाटलं नाही.

मग पुढचे कागद. दुसऱ्या एका लेखकाकडे, डायोडोरसकडे, तेच हत्ती 130 आहेत आणि तिसऱ्या, कर्टियसकडे 85. एरियनने हे लिहिलं तेच मुळी लढाईनंतर चार-साडेचार शतकांनी. आणि आपल्याकडच्या जुन्या साहित्यात या लढाईचं एक अक्षरही नाही. तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत की फॉरवर्ड खोटा आहे. तुम्ही एवढंच विचारलंत की आकडे एवढे वेगळे असतील तर टेबलावर किती हत्ती ठेवू या, तू ठरव, पण कारण सांग. कारण सांगायचं म्हटल्यावर मी वाचायला लागलो, आणि एकदा वाचायला लागलो की तो वाद घालणारा मी कुठे गेला मलाच कळलं नाही. पोरस हरला हे मान्य करताना मला अजिबात कमीपणा वाटला नाही, उलट तो माणूस जास्त मोठा दिसायला लागला. सैन्य मोडल्यावरही तो हत्तीवरून लढतच होता, आणि पकडल्यावर कसं वागवू म्हणून विचारलं तर राजासारखं म्हणाला. हे तर विरोधी पक्षाच्याच लोकांनी लिहून ठेवलंय.

ओल्या जमिनीचं उत्तर मला नोव्हेंबरात मिळालं. झेलमला पाणी चढलेलं, रात्री वादळी पाऊस, अलेक्झांडर छावणीपासून दूर वर जाऊन नदी ओलांडतो, कारण समोरच्या काठाला हत्ती उभे असले तर घोडे तराफ्यावरून उड्या टाकतील ही त्याला भीती. पोरसाचा मुलगा रथ घेऊन अडवायला जातो आणि रथ चिखलात रुततात. एरियन 120 रथ सांगतो, एकेका रथात सहा माणसं असं कर्टियस सांगतो, म्हणजे जडच प्रकरण. आणि आपली ती माणसाएवढी उंच धनुष्यं, ती जमिनीवर टेकवून पायाने दाबून ओढायची, तर निसरड्या जमिनीवर ती टेकणार कुठे? मी हे धापा टाकत तुम्हाला फोनवर सांगितलं, रात्री दहा वाजता, आणि तुम्ही म्हणालात मग आपण हाऊस रूल, म्हणजे आपल्यापुरता नियम करू, पहिल्या दोन पाळ्या तुझ्या धनुर्धारींना लढताना एक कमी, रथांना निम्मी चाल. म्हणजे माझ्याच शोधामुळे माझंच सैन्य आणखी दुबळं झालं! आणि तरी मी खूश होतो.

पण मुख्य आभार ते वेगळेच आहेत, त्या डब्याचे.

डिसेंबरात तुम्ही कपाटाच्या तळातून बिस्किटांचा तो जुना पत्र्याचा डबा काढलात. आत जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं भारतीय सैन्य, 15 मिलिमीटरचं, तुम्ही 1980 च्या दशकात घेतलेलं आणि कधीच न रंगवलेलं. शिशाच्या फिगर, काळपट पडलेल्या. तुम्ही म्हणालात, मॅसेडोनियन रंगवले, रोमन रंगवले, कार्थेज रंगवलं, आपलं मात्र नीट रंगवीन म्हणून मागे ठेवत गेलो आणि आता हात थरथरतो. मग डबा माझ्यासमोर सरकवलात. मला तेव्हा काही बोलताच आलं नाही. ते बोलायचं राहिलं म्हणूनच हे पत्र.

या गावात आणि आजूबाजूला मिनिएचरचा एवढा मोठा धंदा आहे की हौशी लोक याला लेड बेल्ट, म्हणजे शिशाचा पट्टा म्हणतात, गेम्स वर्कशॉप इथलं, वॉरलॉर्ड इथलं, पेरी बंधू इथलेच. म्हणजे मला नवीन सैन्य कुठेही मिळालं असतं. पण चाळीस वर्षं सांभाळलेलं कुणी असं देतं का?

आणि मी काय केलं, तर पहिल्याच आठवड्यात वाट लावली. बाहेर बाल्कनीत थंडीत, दमट हवेत, स्प्रेने अंडरकोट मारला आणि सगळ्या फिगरवर रवाळ खडखडीत थर बसला. मी रात्रभर झोपलो नाही. सकाळी फोन केला तर तुम्ही म्हणालात, "डेटॉल आण." जॅमच्या बरणीत डेटॉल, त्यात फिगर चोवीस तास, मग जुन्या टूथब्रशने घासायचं, आणि महत्त्वाचं म्हणजे लगेच पाण्याखाली धरायचं नाही, आधी परत डेटॉलमध्येच खळखळून घ्यायचं, नाहीतर चिकट राड होते. दोन दिवस माझ्या घराला लहानपणच्या दवाखान्यासारखा वास येत होता, आणि शिसं परत चकाचक. तुम्ही त्या फोनवर एकदाही "अरेरे" म्हणाला नाहीत. मी तो फोन विसरणार नाही.

मग गुरुवार बदलले. अर्धा वेळ खेळ, अर्धा वेळ रंग. दोन्ही कोपरं टेबलावर, मनगटं एकमेकांना टेकवायची, श्वास सोडून मग ब्रश लावायचा. हत्तीला आधी गडद राखाडी, मग जवळजवळ कोरडा ब्रश फिरवून फिकट राखाडी, म्हणजे सुरकुत्या आपोआप दिसतात. मॅसेडोनियन सारिसा भाले सोळा-अठरा फुटी, ते तुम्ही स्टीलच्या तारेचे लावलेत, माझी बोटं त्यांनी किती वेळा टोचलीत. आणि उठलो की काकूंचा आवाज, आधी हात धुवा, शिसं आहे ते, मग भाकरी.

आणि त्या दाढ्या! अलेक्झांडरच्या आरमाराचा प्रमुख निआर्कस, त्याच्या वर्णनावरून एरियन सांगतो की भारतातले लोक दाढी रंगवायचे, कुणी पांढरी, कुणी निळी, कुणी लाल, कुणी हिरवी. पांढरे सुती कपडे आणि पायात जाड तळव्यांच्या पांढऱ्या चपला. मी घाबरत घाबरत एकाच धनुर्धाऱ्याला हिरवी दाढी केली, तर तुम्ही चष्मा वर करून बघितलंत आणि म्हणालात, "आता याच्या शेजारच्याला निळी." माझ्या मुलीला व्हिडिओ कॉलवर ते सैन्य दाखवलं तेव्हापासून ती रोज विचारायची, हिरव्या दाढीवाला आज जिंकला का. चार वर्षांची पोर, दीड महिन्यात बाबाशी फोनवर बोलायला कंटाळायला लागली होती. त्या दाढीमुळे परत बोलायला लागली. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं.

एप्रिलमध्ये त्या दोघी आल्या. विमानतळावरून घरी आल्यावर तिने बॅग टाकून आधी हत्ती मागितले. गेल्या दिवाळीत मागच्या अंगणात आम्ही किल्ला केला, गोणपाट मिळालं नाही म्हणून जुन्या टॉवेलवर चिखल, आणि तुम्ही खुर्चीत बसून बुरुज कुठे हवा ते सांगत होतात. डायोडोरस पोरसाच्या हत्तींना बुरुजांची आणि मधल्या पायदळाला तटाची उपमा देतो, तुम्हीच वाचून दाखवलं होतंत. तिला ते इतकं आवडलं की तिने तटावर बुरुजांच्या जागी हत्तीच उभे केले.

हां, आणि सहाव्या खेळात मी जिंकलो होतो ते इथे नोंदवून ठेवतो. रांग फुटू दिली नाही, हत्ती मागे दाबून ठेवले, तुमचे हलके भालाफेके जवळ येऊच दिले नाहीत, आणि तुम्हाला दोनदा एकच पिप पडला. तुम्ही उठून माझ्या पाठीवर थाप मारलीत आणि खाली काकूंना हाक मारून सांगितलंत, "अगं, पोरस जिंकला!" तुमच्या कपाटात स्लिंगशॉट मासिकाचे जुने अंक आहेत, ते काढणाऱ्या, प्राचीन लढाया खेळणाऱ्यांच्या 1965 पासून चाललेल्या सोसायटी ऑफ एन्शंट्सचे तुम्ही किती वर्षांचे सभासद, एवढे खेळलात, एवढ्यांशी खेळलात, आणि नवख्या पोराकडून हरल्यावर तो आनंद. तसा आनंद मला अजून जमत नाही, शिकतोय.

तर काका, अकरा तुकड्या पूर्ण झाल्यात. वार्निश झालंय, बेसवर वाळू आणि पीव्हीए गोंद, खाली चिखलाचा रंग, ओला वाटावा म्हणून वरून थोडा ग्लॉस. प्रत्येक बेसच्या खाली तुम्ही लिहिता तसं वर्ष लिहिलंय, पण दोन, एक तुम्ही घेतल्याचं आणि एक रंगवल्याचं.

बारावी तुकडी म्हणजे पोरसाचा हत्ती. तोही झालाय, एक गोष्ट सोडून. एरियन म्हणतो की त्याचं चिलखत इतकं चांगलं होतं की अंगाला काही झालं नाही, फक्त उजवा खांदा उघडा होता आणि तिथे जखम झाली. तो लाल ठिपका मी टाकलेला नाही. त्याला बारीक हात लागत नाही, थरथरला तरी चालतो, जखमच आहे ती. गुरुवारी सहाला डबा, ब्रश आणि लाल रंग घेऊन येतोय, सोबत हिरव्या दाढीवाल्याची मालकीणही येतेय. काकूंना सांगा, भाकऱ्या चार जास्त.

तुमचा,
पोरस