ठराव व्हिएन्नात, खडखडाट औषधाच्या कपाटात

महोदय,

‘अमुक सरकारचा हार्म रिडक्शनला पाठिंबा’ अशा बातम्या हल्ली वरचेवर येतात. नशा करणारा माणूस नशा सोडेपर्यंत एचआयव्ही, कावीळ आणि अतिमात्रेने मरू नये, एवढीच हार्म रिडक्शन, म्हणजे हानी कमी करण्याच्या, या धोरणाची मागणी. पण पाठिंबा कशाला म्हणायचे, हे बातमीत सापडत नाही. आमच्या मते तो परिषदेतल्या मतावर मोजू नये, खरेदीच्या नोंदवहीवर मोजावा.

मत द्यायलाही कमी वेळ लागला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या व्हिएन्नातल्या अमली पदार्थ आयोगात 53 सदस्य देश आहेत. तिथे सर्वसहमतीची प्रथा, म्हणजे एक-दोघे अडून बसले की मजकूर गुळमुळीत होणार. आयोगाच्या 2009च्या जाहीरनाम्यात ‘संबंधित साहाय्य सेवा’ एवढेच उरले आणि त्यात हार्म रिडक्शन येते असे आम्ही धरतो, हे 26 देशांच्या वतीने जर्मनीला वेगळे सांगावे लागले. अखेर मार्च 2024 मध्ये हार्म रिडक्शनचा उल्लेख असलेल्या ठरावावर मतदान झाले: बाजूने 38, विरोधात रशिया आणि चीन, तटस्थ 6. हा ठराव आणला अमेरिकेने. त्याच अमेरिकेत केंद्रीय निधीतून सुया-वाटपाला 1988 पासून बंदी होती. ती 2009 मध्ये उठली, 2011 मध्ये परत आली आणि 2015च्या अखेरीस अर्धवट उठली. अर्धवट म्हणजे कर्मचाऱ्यांचा पगार द्या, गाडी ठेवा, फक्त त्या पैशातून सुई घेऊ नका!

आता सुयांचेच पाहू. इंजेक्शनने नशा करणाऱ्या प्रत्येकामागे वर्षाला 300 सुया-सिरिंज हे जागतिक आरोग्य संघटनेचे 2030चे उद्दिष्ट आहे. दिवसातून दोनदा टोचणाऱ्याला सातशेहून जास्त लागतात, तेव्हा 300 हा आकडा काही चैनीचा नव्हे. तरी कित्येक ठिकाणी ‘जुनी आणा, नवी न्या’ असा नियम असतो. हिशेबाला तो सोयीचा. पण जिथे खिशातली वापरलेली सुई पोलिसांच्या लेखी पुरावा ठरते, तिथे ती परत आणायला कोण धजावेल? ती जागेवरच टाकली जाते किंवा पुन्हा वापरली जाते. गरजेइतक्या सुया द्याव्यात आणि सोबत टाकण्यासाठी जाड प्लास्टिकचा डबा द्यावा, हे जास्त चालते.

निविदेत ‘सिरिंज’ एवढाच शब्द असला की स्वस्तातली, सुटी सुई बसवायची मोठी सिरिंज येते. दट्ट्या पूर्ण दाबल्यावरही तिच्या टोकाच्या पोकळीत सुमारे 80 मायक्रोलिटर द्रव उरतो. सुई कायमची जोडलेल्या 1 मिलिच्या सिरिंजमध्ये तो 2च्या आसपास असतो. उरलेल्या रक्तात हेपेटायटिस सी या काविळीचा विषाणू प्रयोगशाळेत 63 दिवसांपर्यंत जिवंत सापडला आहे. मात्र जे जांघेतल्या खोल शिरेत टोचतात त्यांना बारकी जोडसुई पुरत नाही. त्यांच्यासाठी लांब सुटी सुई, पण कमी पोकळीची, असा वेगळा प्रकार मागवावा लागतो. चुकीचा माल आला की लोक नेत नाहीत आणि वर अहवालात ‘मागणी कमी’ असे लिहिले जाते.

मेथाडोनचे दुखणे निराळे. ते आणि ब्युप्रेनॉर्फिन ही हेरॉइनऐवजी देखरेखीखाली द्यायची पर्यायी औषधे 2005 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. मेथाडोनची सुरुवात साधारण 20 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने करून हळूहळू वाढवत नेतात. घाई केली तर औषध शरीरात साठत जाते, म्हणून पहिले दोन आठवडे सर्वांत जोखमीचे. टिकाऊ मात्रा बहुतेकांना रोज 60 ते 120 मिलिग्रॅम लागते. ‘जितके कमी तितके बरे’ म्हणून 30-40 वरच थांबवले की रुग्णाला रात्री तलफ येते, तो वरून हेरॉइन घेतो आणि खापर उपचारावर फुटते. पुरवठा काही दिवस तुटला तर सहनशक्ती उतरते. मग जुनी मात्रा एकदम देता येत नाही, पुन्हा खालून चढावे लागते. त्यातून मेथाडोन अमली पदार्थांवरच्या 1961च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या अनुसूचीत. आयातीला परवाने लागतात आणि वर्षाच्या गरजेचा अंदाज आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळाला आधी कळवावा लागतो. केंद्रे वाढवली पण पुरवणी अंदाज पाठवायचे राहिले, की माल अडकलाच. तीन महिन्यांचा साठा हाताशी नसेल तर नवे केंद्र उघडूच नये.

पैसा कुणाचा, यावर सगळे अवलंबून आहे. रुमानियात 2010 मध्ये ग्लोबल फंड या आंतरराष्ट्रीय आरोग्यनिधीचे एचआयव्ही अनुदान संपले, सुया-वाटप आकसले, त्याच वेळी दिवसातून अनेकदा टोचाव्या लागणाऱ्या नव्या उत्तेजक द्रव्यांचे पेव फुटले आणि 2011 पासून या गटात एचआयव्ही झपाट्याने वाढला. अथेन्समध्येही त्याच वर्षी उद्रेक झाला. तिथे सुया आणि पर्यायी औषधोपचार वाढवल्यावर तो ओसरला. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत 2022 मध्ये या कामासाठी उपलब्ध निधी गरजेच्या जेमतेम 6 टक्के होता, अशी हार्म रिडक्शन इंटरनॅशनल या संस्थेची मोजणी आहे. त्यातही परकीय मदतीचा वाटा मोठा, आणि जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदत एका आदेशाने गोठवली. कायद्याची पाठराखण नसेल तर पैसा असूनही भागत नाही. रशियात मेथाडोनला बंदी आहे. 2014 मध्ये युक्रेनचा क्रिमिया ताब्यात घेतल्यावर तिथल्या सुमारे 800 रुग्णांचे औषध बंद झाले.

या धोरणाने सगळेच सुटते असेही नाही. मेथॲम्फेटामिनसाठी मेथाडोनसारखे पर्यायी औषध अजून नाही.

ज्या सरकारांना आपला पाठिंबा सिद्ध करायचा आहे त्यांनी तुरुंगापासून सुरुवात करावी. आत असताना सवय तुटते, सहनशक्ती उतरते आणि सुटकेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जुनीच मात्रा जीव घेते. म्हणून मेथाडोन आत सुरू ठेवावे, सुटण्याआधी बाहेरच्या केंद्रात नाव नोंदवावे आणि निघताना नॅलॉक्सोन, म्हणजे हेरॉइनसारख्या द्रव्यांच्या अतिमात्रेवरचा उतारा, हाती द्यावे. ते कसे वापरायचे हे घरच्यांनाही शिकवावे, कारण बेशुद्ध माणूस स्वतःला औषध देऊ शकत नाही. नॅलॉक्सोनचा परिणाम 30 ते 90 मिनिटे टिकतो, मेथाडोनचा त्याहून कितीतरी जास्त. माणूस उठून बसला तरी त्याला एकटे सोडू नये. श्वास पुन्हा मंदावला तर दुसरी मात्रा द्यावी आणि रुग्णवाहिका येईपर्यंत कृत्रिम श्वास चालू ठेवावा.

– व्यसनोपचार क्षेत्रातील काही डॉक्टर व कार्यकर्ते