स्लीपिंग बॅग विकण्याआधी

प्रिय बाळा,

माझी जुनी डाउनची, म्हणजे बदक-हंसांची मऊ बारीक पिसं भरलेली, स्लीपिंग बॅग विकू का, असं विचारलंस. खुशाल विक. कपाटावर पडून राहण्यापेक्षा ती पुन्हा बर्फात गेलेली मला आवडेल. मात्र जाहिरात लिहिण्याआधी तिला नीट तपास. घेणारा माणूस कडाक्याच्या थंडीत, वस्तीपासून दूर, तुझ्या शब्दावर विसंबून तिच्यात झोपणार आहे.

आधी ती पिशवीतून काढून सपाट पसर आणि दिवसभर तशीच राहू दे. दाबून ठेवलेलं डाउन लगेच फुगत नाही. मग वरून न दाबता पट्टीने उंची मोज. ऊब असते ती डाउनमध्ये अडकलेल्या स्थिर हवेत, त्यामुळे जुन्या बॅगेचा खरा कस या फुगवट्यातच कळतो. पट्टीसकट फोटो काढ. नंतर एकेक कप्पा उजेडासमोर धरून बघ, कुठे गोळे झालेत आणि कुठे रिकामं दिसतंय. चेनच्या आतल्या बाजूने डाउन भरलेली एक लांब पट्टी आहे, ती वारा अडवते. तीही चाचपून बघ.

गोळे बहुतेक वेळा घामाने आणि अंगाच्या तेलकटपणाने होतात, आणि धुतल्यावर पुष्कळदा सुटतात. पण आधी कापड तपास. जुनं नायलॉन जरा ओढल्यावर फाटत असेल तर धुवायच्या फंदात पडू नकोस, आहे तशी विक आणि तसं स्पष्ट लिही. कापड चांगलं असेल तर समोरून उघडणाऱ्या मोठ्या मशीनमध्ये, डाउनसाठी मिळणाऱ्या सौम्य साबणाने धू. नेहमीची पावडर नको, सॉफ्टनर तर मुळीच नको. ओली बॅग एका टोकाला धरून उचलू नकोस; पाण्याच्या वजनाने आतले पडदे फाटतात आणि ते दुरुस्त करणं फार अवघड. दोन्ही हात खाली घालून, तान्ह्या बाळाला उचलतात तशी उचल. ड्रायरमध्ये मंद आचेवर दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल टाकून वाळव. याला कित्येक तास लागतात. वरून कोरडी लागली तरी आत ओल राहते, आणि मग कुबट वास धरतो. शेवटचा गोळा फुटेपर्यंत थांब.

आता लेबलवरच्या तापमानाबद्दल. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गरम केलेल्या पुतळ्यावर चाचणी घेऊन तापमान ठरवायचं युरोपीय मानक, ईएन १३५३७, २००२ मध्ये आलं. आता त्याच्या जागी आयएसओ २३५३७ आहे. आपली बॅग त्याच्या कितीतरी आधीची. तेव्हा प्रत्येक कंपनी आपापल्या अंदाजाने आकडा छापत असे, आणि तोही नव्याकोऱ्या बॅगेचा. म्हणून ‘लेबलवर असं लिहिलं आहे, प्रमाणित चाचणी झालेली नाही’ असंच लिही. फिल पॉवर विचारतील, म्हणजे एक औंस डाउन किती घनइंच जागा व्यापतं तो आकडा. लेबलवर नसेल तर मनाने ६०० किंवा ७०० ठोकून देऊ नकोस. वजन आणि मोजलेली उंची सांग. जाणकाराला तेवढ्यावरून अंदाज येतो.

जुन्या वस्तू जमवणारे लोकही विचारतील. त्यांच्यासाठी लेबल, धातूची चेन आणि मूळ पिशवी जपून ठेव. भाव तू ठरव, त्यात मी पडत नाही.

पण कुणी हिवाळी कॅम्पिंगसाठी घेत असेल तर किती थंडीत जाणार, ते विचार. पहिल्यांदाच जाणारा असेल तर दोन गोष्टी आवर्जून सांग. अंगाखाली दबलेलं डाउन जवळजवळ काहीच ऊब देत नाही, त्यामुळे खाली चांगली जाड मॅट हवीच. आणि ओलं झालं की डाउन बसतं. सलग काही रात्री बर्फात काढल्या तर अंगाची वाफ आत साठून गोठते, म्हणून ऊन मिळेल तेव्हा बॅग पसरून वाळवावी. फुगवटा कमी भरला आणि तो कडक थंडीचे बेत सांगत असेल, तर त्याला विकू नकोस. एक गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

कुरियरने पाठवताना दाबून बांधू नकोस, मोठ्या खोक्यात सैल घाल. धुतल्यावर उंची किती भरली ते कळव, मी वाट बघतेय.

तुझी,
आई