आधी गार करा, मग न्या

प्रिय ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्या दुपारी मैदानावर माझ्या नऊ वर्षांच्या मुलासाठी तुम्ही धावून आलात, आमच्याबरोबर अँब्युलन्समध्ये बसलात, डॉक्टर "आता काळजी नाही" म्हणेपर्यंत दवाखान्याच्या व्हरांड्यात थांबलात आणि मी आत असतानाच निघून गेलात. भाचीची शर्यत बघायला आला होतात आणि लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहात, एवढंच मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेल.

शर्यत संपवून तो आला तेव्हा त्याचे पाय अडखळत होते. दमला असेल, असं मला वाटलं. मग त्याने मला त्याच्या वर्गशिक्षिकेच्या नावाने हाक मारली आणि शर्यत कधी सुरू होणार म्हणून विचारलं. अंग भट्टीसारखं तापलेलं, आणि तरी तो घामाने निथळत होता. त्या घामानेच मला फसवलं. उष्माघातात कातडी कोरडी पडते, एवढंच मी ऐकून होते. घाम येतोय म्हणजे तसलं काही नसणार, असं मी धरून चालले. पळून-खेळून होणाऱ्या उष्माघातात अंग बरेचदा ओलंच असतं, हे तुमच्याकडून कळलं. अंग तापलेलं असताना मूल असंबद्ध बोलायला लागलं, तोल जायला लागला, उगाच चिडलं, झापड आली किंवा झटके आले, की तिथून पुढे एक मिनिटही वाट बघायची नाही.

आम्ही त्याला उचलून गाडीकडे निघालो होतो. दवाखाना वीस मिनिटांवर होता. तुम्ही वाटेत आडव्या आलात आणि म्हणालात, "आधी गार करा, मग न्या." ताई, त्या क्षणी मला तुमचा राग आला होता, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पोर हातात लटकतंय आणि ही बाई थांबवते आहे, असं वाटलं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. एकाला अँब्युलन्सला फोन करायला लावलंत, दुसऱ्याला नळी आणायला पाठवलंत, आणि सावलीत आडवं करून त्याचे बूट, मोजे, शर्ट काढलेत. मग नळीचं पाणी डोक्यापासून पायापर्यंत. दोन मुली पुठ्ठ्यांनी वारा घालत होत्या. कुणी तरी बर्फ आणला, तो तुम्ही फडक्यात गुंडाळून काखेत, जांघेत आणि मानेशी ठेवलात. उलटी झाली तेव्हा पटकन कुशीवर वळवलंत.

मी पाण्याची बाटली त्याच्या तोंडाला लावायला गेले, तुम्ही माझा हात धरलात. पुरतं भान नसलेल्या मुलाला पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. ह्यांनी पर्समधून तापाची गोळी काढली, तीही तुम्ही बाजूला ठेवायला सांगितलीत. साध्या तापात शरीर स्वतःच आपलं तापमान वर नेऊन ठेवतं आणि गोळी ते खाली आणते. इथे उष्णता बाहेरून आणि राबलेल्या स्नायूंतून साठलेली असते, तिच्यावर गोळीचा उपाय चालत नाही. तिला पाणी आणि वाराच बाहेर काढतो.

अँब्युलन्स येईपर्यंत त्याने डोळे उघडून मला "आई" म्हटलं होतं. दवाखान्यात मोजलं तेव्हा ताप ३९ अंशांच्या थोडा वर होता. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "याला आधी गार कुणी केलं?" मैदानावर तो ४० च्या पुढे गेलेला असणार, असं ते म्हणाले. तितक्या उष्णतेत मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांना मिनिटामिनिटाला इजा होत जाते. वीस मिनिटं आम्ही ती तशीच गाडीत बसून घालवली असती.

व्हरांड्यात मी तुम्हाला विचारलं होतं, इतकी मुलं पळाली, मग यालाच का? आणि ऊन तर नव्हतंच, आभाळ भरून आलेलं होतं. तुम्ही मला दोष दिला नाहीत, समजावून सांगितलंत. घाम नुसता गळून उपयोगाचा नाही, तो वाळला तरच अंग गार होतं, आणि दमट हवेत तो वाळतच नाही. मुलांना मोठ्यांपेक्षा घाम कमी येतो. पळताना त्यांचं शरीर वजनाच्या मानाने जास्त उष्णता तयार करतं. वजनाच्या मानाने त्यांची कातडीही जास्त, म्हणून भोवतालची हवा अंगापेक्षा तापली की ती उष्णता भरभर आत घेतात. आणि खेळात रंगलेलं मूल आपणहून थांबत नाही. त्यात माझा मुलगा आठवडाभर आजारी पडून नुकताच उठला होता. शरीराला उकाड्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, मुलांना त्याहूनही सावकाश होते, आणि आजारपणात पडून राहिलं की ती सवय मोडते. त्याला त्या दिवशी पळू द्यायलाच नको होतं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर!

आता मी दिसेल त्या आईबापाला सांगत असते. आयोजकांनाही भेटले, त्यांनी ऐकून घेतलं. सराव सकाळी लवकर असतो, दर पंधरा-वीस मिनिटांनी सगळ्यांना थांबवून पाणी देतात, तहान लागली का असं विचारत बसत नाहीत. सुट्टीनंतर आलेल्या मुलाला पहिले काही दिवस थोडंच पळवतात. लघवी गडद पिवळी झाली की मला सांगायचं, हे मुलाला पाठ आहे. बहिणीचं बाळ चार महिन्यांचं आहे. उकाडा वाढला तसं ती त्याला वरचं पाणी देणार होती, मी थांबवलं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी नको, दूधच वारंवार पाजायचं. बाबागाडीवर टाकलेला कपडाही मी काढायला लावला, कारण आत वारा खेळत नाही आणि सावलीच्या नावाखाली बाळ शिजतं. बंद गाडीत तर मूल एक मिनिटही ठेवायचं नाही. काच बोटभर खाली ठेवून काही उपयोग होत नाही, आतली हवा पहिल्या अर्ध्या तासातच बहुतेक तापून निघते.

मुलाला त्या दुपारचं काही आठवत नाही. नळीचं पाणी तेवढं आठवतं, आणि कुणीतरी सारखं त्याचं नाव विचारत होतं ते. तो आवाज तुमचा होता, हे मी त्याला सांगितलं आहे. पुन्हा पळायला लागला आहे तो, डॉक्टरांना विचारूनच, हळूहळू. त्याच्या डोक्याखाली तुम्ही घातलेला टॉवेल धुऊन, घडी करून ठेवला आहे. मैदानावर आलात तर तो स्वतः आणून देणार आहे.

तुमची ऋणी,
त्या मुलाची आई