शिक्षकदिनासाठी एक मूठ दाणे

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

येत्या ५ सप्टेंबरला शिक्षकदिन आहे. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन राष्ट्रपती झाले त्या १९६२ सालापासून त्यांचा जन्मदिवस शिक्षकदिन म्हणून देशभर साजरा होतो, आणि अलीकडे आमच्यासारख्या आडवळणाच्या गावांतही त्या दिवशी शिक्षकांना भेटवस्तू देण्याची पद्धत रुजली आहे. त्या पद्धतीबद्दल, आणि तिच्या जागी आमच्या गावातल्या पालकांनी जे सुरू केले त्याबद्दल, मला सविस्तर लिहायचे आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात राहते. घरची कोरडवाहू शेती आहे, दोन मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतात आणि शाळा व्यवस्थापन समितीवर मी पालक म्हणून काम करते.

तीन वर्षांपूर्वी वरच्या वर्गातल्या मुलांनी आपसांत ठरवून शिक्षकदिनासाठी प्रत्येकी ५० रुपये वर्गणी काढली. तालुक्याहून भिंतीवरचे घड्याळ, पेनांचे संच आणि चमकी लावलेल्या तसबिरी आल्या. शिक्षकांनी काही मागितले नव्हते, उलट त्यांना संकोचच वाटला. मात्र पाचवीतली एक मुलगी दोन दिवस पोट दुखते असे सांगून घरी राहिली. खरे कारण तिच्या आईने मला निंदणाच्या पातीवर सांगितले. तिच्या हातावर त्या आठवड्यात ५० रुपये नव्हते, आणि मुलीला रिकाम्या हाताने सरांसमोर उभे राहायचे नव्हते. ज्या सरांनी तिला वाचायला शिकवले, त्यांचेच आभार मानण्याच्या दिवशी ती शाळेत नव्हती, हे माझ्या मनातून आजही जात नाही.

ज्यांचे घर शेतीवर चालते त्यांना हा महिना कसा असतो ते सांगावे लागणार नाही. बियाणे, खत, डवरणी, निंदण आणि फवारणी यांत हातातला पैसा गेलेला असतो. सोयाबीन शेंगांत भरत असते आणि ते ऑक्टोबरपर्यंत बाजारात जात नाही. कापसाची पहिली वेचणी दसऱ्याच्या आसपास सुरू होते. त्यातच पोळा आलेला असतो आणि महालक्ष्म्या उंबरठ्यावर असतात. शिक्षकदिन नेमका पैशाच्या टंचाईत येतो. घरात पैसा नसला तरी धान्य मात्र असते. रब्बीचे गहू, हरभरा आणि जवस कोठीत असतात, उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा पोत्यात असतात, गुळाची ढेप फोडलेली असते. म्हणून वर्गणीऐवजी घरी केलेला खाऊ द्यावा असे मी समितीच्या सभेत सुचवले आणि ते सर्वांना पटले.

पहिल्या वर्षी आम्ही चुकलो, आणि ती चूक इतर गावांनी करू नये म्हणून ती मोकळेपणाने सांगते. ज्याने त्याने आपापल्या घरून डबा आणावा असे आम्ही ठरवले होते. मी आदल्या रात्री दूध घालून ओल्या खोबऱ्याची बर्फी केली, घाईत ती कोमट असतानाच प्लॅस्टिकच्या डब्यात भरली आणि झाकण घट्ट लावले. वाफेचे पाणी झाकणाला धरले, ते वड्यांवर उतरले, आणि भाद्रपदातल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बर्फीला आंबूस वास सुटला. बाईंच्या वेळीच लक्षात आले म्हणून कोणी ती खाल्ली नाही. तेव्हापासून मी ठामपणे सांगते, की दूध, खवा किंवा ओले खोबरे घातलेला कोणताही पदार्थ या दिवसांत शाळेत पाठवू नये आणि कोणताही पदार्थ पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नये.

त्याहून मोठी चूक वेगळी होती. टेबलावर डबे ओळीने लागले, तेव्हा कोणता डबा कोणाचा हे प्रत्येकाला दिसत होते. काही घरांनी शहरातून मिठाई आणून डब्यात भरली होती, तिच्यापुढे साध्या गुळपापडीचा डबा मागे सरकला. आणि दोन डबे तसेच भरलेले परत गेले. ते कोणत्या वस्तीवरून आले होते हे गावात राहणाऱ्याला कळते. शिक्षकांनी मुद्दाम तसे केले असे मी म्हणणार नाही, कारण त्यांनी बऱ्याच डब्यांना हात लावला नव्हता. परंतु त्या दोन मुलांनी आपला डबा भरलेलाच घरी नेला, आणि त्यांच्या घरच्यांनी त्याचा अर्थ काय लावला असेल हे मला ठाऊक आहे. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला. ज्या दांपत्याच्या कामामुळे माझ्यासारख्या बाईच्या हाती लेखणी आली, त्यांच्या राज्यातल्या एका शाळेत, शिक्षकांच्या सन्मानाच्या दिवशी, कोणाच्या घरचे खायचे हा प्रश्न उभा राहावा आणि तो आमच्या योजनेमुळे उभा राहावा, याची मला लाज वाटली.

मार्ग गोपाळकाल्याने दाखवला. काल्यात प्रत्येकाची शिदोरी एकत्र कालवतात, आणि मग ती कोणाची राहत नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही ठरवले, की प्रत्येक मुलाने घरून आपल्या मुठीत मावतील तेवढे शेंगदाणे आणायचे, त्याहून जास्त नाही. ज्याच्या घरी दाणे नसतील त्याने शेजारून मूठभर मागून आणायचे. मूठभर दाणे मागायला आमच्याकडे कोणाला कमीपणा वाटत नाही. चौथी-पाचवीच्या एकतीस मुलांच्या मुठी जमल्या तेव्हा पाऊण किलोच्या वर दाणे भरले. अर्धा किलो गूळ समितीवरच्या आम्ही चौघींनी आणला. त्यातून पन्नासच्या आसपास लहान लाडू झाले. चारही शिक्षकांना दोन-दोन आणि प्रत्येक मुलाला एक देऊनही काही उरले. कोणत्या लाडवात कोणाची मूठ आहे हे कोणालाच सांगता येत नव्हते. पोटदुखीचे कारण सांगून घरी राहिलेली ती मुलगी त्या दिवशी सकाळी सर्वांच्या आधी शाळेत आली होती.

दाण्याचे लाडू निवडण्यामागे आमचा विचार होता, म्हणून त्याबद्दल थोडे लिहिते. ह्या लाडवाला पाक लागत नाही, तूप लागत नाही, तळण लागत नाही. दाण्यातले तेल आणि गुळाची चिकटाई एवढ्यावर तो वळला जातो. चिक्की किंवा राजगिऱ्याचे लाडू मुलांना आवडतात हे खरे, परंतु उकळता पाक कातडीला चिकटतो आणि त्याचा भाजलेला फोड खोल जातो, त्यामुळे लहान मुलांचे हात जिथे लागणार तिथे पाकाचा पदार्थ नको असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय शिक्षकांपैकी कोणाचा श्रावणातला किंवा हरितालिकेचा उपवास असला, तरी दाण्याचा लाडू आमच्याकडे उपवासाला चालतो.

सर्वांत जास्त वेळ दाणे निवडण्यात गेला पाहिजे. वेगवेगळ्या घरांतून आलेले दाणे पावसाळ्यात सारखे टिकलेले नसतात. ओल लागलेल्या शेंगदाण्यावर बुरशी धरते आणि तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, जे भाजल्याने पुरते जात नाही. म्हणून काळवंडलेला, सुरकुतलेला, बुरशीचा किंवा खवट वासाचा दाणा कोणाच्याही मुठीतला असो, तो काढून टाकायचा. हे काम आम्ही मुलांनाच परातीत दाणे पसरून करायला लावले, आणि एका बाईंनी त्याच वेळी बुरशी म्हणजे काय, ती ओलीत का वाढते, हे त्यांना समजावून सांगितले. भाजण्याचे काम मोठ्यांचे. मंद आचेवर, सराट्याने सतत हलवत, साल सुटेपर्यंत दाणे भाजायचे आणि पूर्ण गार झाल्यावर पाखडायचे. मिक्सरमधून जाडसरच काढायचे, कारण जास्त फिरवले की तेल सुटून त्याचा लगदा होतो. मग चिरलेला गूळ घालून पुन्हा एकदा थोडे फिरवले, की मिश्रण वळायला तयार होते. वेलदोडा असला तर घालावा, नसला तरी काही बिघडत नाही.

वळण्याआधी प्रत्येक मुलाची नखे पाहिली, साबणाने हात धुवायला लावले आणि डोक्याला रुमाल बांधायला सांगितले. ज्यांना सर्दी होती किंवा हातावर फोड होते त्यांना आम्ही घरी पाठवले नाही. त्यांनी पळसाची पाने धुऊन, कापडाने कोरडी करून द्रोण लावले. हे द्रोण आम्ही मुद्दाम निवडले. डबा दिला की तो रिकामा परत करायचा नाही असा आपल्याकडचा रिवाज आहे, आणि शिक्षकांवर तो भार टाकणे मला योग्य वाटत नाही. पहिल्या वर्षी काही मुलांनी खाऊ वर्तमानपत्राच्या कागदात बांधून आणला होता. छपाईच्या शाईतले घातक घटक अन्नात उतरतात, म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत अशी सूचना भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये दिली आणि २०२३ मध्ये पुन्हा दिली. तरीही आपल्या बाजारात आणि घरांत ही सवय सुटलेली नाही, आणि वर्तमानपत्रानेच ही गोष्ट छापली तर ती लोकांच्या मनावर अधिक ठसेल असा मला विश्वास वाटतो.

आमच्या शाळेतल्या एका सरांना मधुमेह आहे. पहिल्या वर्षी हे कोणी विचारलेच नव्हते, आणि मुलांचे मन मोडू नये म्हणून त्यांनी गोड खाल्ले, हे आम्हाला नंतर कळले. आता आठ दिवस आधी मुलेच जाऊन विचारतात, की कोणाला काय चालत नाही, दाणे कोणाला बाधतात का. सरांसाठी मुलांनी जवसाची चटणी केली. जवस तडतडेपर्यंत कोरडा भाजायचा, सुक्या मिरच्या, लसूण, जिरे आणि मीठ घालून कुटायचा, एवढेच तिचे काम. एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. जवसातले तेल कुटल्यावर हवेने लवकर खवट होते, म्हणून चटणी एका लहान बाटलीत मावेल एवढीच करायची आणि आदल्या दिवशीच करायची. सर दुसऱ्या जिल्ह्यातले आहेत, तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहतात आणि स्वतःच्या हाताने रांधतात. महिनाभर ती चटणी भाकरीसोबत पुरली असे त्यांनी वर्गात सांगितले, तेव्हा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होते. भिंतीवरच्या घड्याळाने असा आनंद कोणाला दिला नव्हता.

काही पालक म्हणतात, की शिक्षक पगार घेतात, त्यांना कशाला काही द्यायचे. काहींना उलट वाटते, की एवढ्याशा लाडवाने काय होते, चांगली वस्तू द्यावी. पहिल्यांना मी एवढेच सांगते, की पगार शासन देते आणि आभार मुलाने मानायचे असतात. दुसऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि भेटवस्तू घेण्यावर मर्यादा आहेत. महागडी वस्तू देऊन आपण ज्यांचा मान करू पाहतो त्यांनाच अडचणीत टाकतो, आणि वस्तू देणाऱ्या घरच्या मुलाकडे अधिक लक्ष दिले जाते अशी कुजबुज गावात सुरू होते, ती वेगळीच. मुठीमुठीने जमलेल्या लाडवावर अशी कुजबुज होऊ शकत नाही.

ज्यांच्या गावी भुईमूग होत नाही त्यांनी दाण्याचाच हट्ट धरू नये. गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याकडे वाळवलेली मोहफुले आणि चारोळी घरात असतात, इतरत्र फुटाणे मिळतात, त्यांचे पीठ गुळात वळले तरी सुंदर लाडू होतात. आमच्याकडे संध्याकाळी भुलाबाईपुढे मुली खिरापतीचा डबा हलवून आत काय आहे ते ओळखायला लावतात. गेल्या वर्षी मुलांनी शिक्षकांसमोर द्रोण झाकून तसेच ओळखायला लावले होते. मुलांनी ते आपणहून केले, कोणी शिकवले नव्हते.

संत गाडगेबाबा आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. त्यांनी आयुष्यभर गावोगाव सांगितले, की ताट नसले तर हातावर भाकर घेऊन खा, पण मुलाला शिकवा. ज्या घरांनी खरोखरच हातावर भाकर घेऊन मुले शाळेत पाठवली, त्या घरांतल्या मुलाला वर्षातून एकदा आपल्या शिक्षकाच्या हातावर काही ठेवता यावे, आणि ते ठेवताना त्याची मान ताठ असावी, एवढ्यासाठी मी हे लिहिते आहे. इतर तालुक्यांतल्या पालकांनी असे काही केले असेल तर त्यांनी आपल्या सदरातून कळवावे, आम्हाला त्यातून शिकता येईल.

येत्या ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, पुन्हा लाडू करायचे आहेत. त्या वेळी थंडी असते, हवा कोरडी असते आणि संक्रांतीचे तीळ घरात आलेले असतात, त्यामुळे दाण्यांत तीळही घालू. मात्र त्याआधी, येत्या शिक्षकदिनाला, लाडवांचा पहिला द्रोण शाळेत रोज पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंच्या हातावर ठेवायचा, असे परवाच्या सभेत ठरले आहे. ही सूचना पाचवीतल्या मुलांची होती.

आपली विश्वासू,
एक पालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ